गारांच्या दिवशी तू काय म्हणालीस

आपा, मला काही कळेनासं झालं आहे. एरवी असं झालं की मी मागचं दार उघडून तुला हाक मारायचे. आता तू नाहीस, म्हणून लिहायला बसले. तुला वाचायचा कंटाळा, "तूच वाचून दाखव" म्हणायचीस, तेव्हा मोठ्याने म्हणत म्हणत लिहिते आहे. रेवा दारातून डोकावली, "आई, हू आर यू टॉकिंग टु?" मी म्हटलं, झुबेदा मावशीशी. तिने दार हळूच लोटून घेतलं.

तुझ्या छातीत सकाळी जळजळ सुरू झाली आणि दुपारच्या आत सगळं आटोपलं. माझा मिलिंद रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टला होता, म्हणून अँब्युलन्सच्या मागून मीच आले. तुझा मुलगा अल रुवैसच्या दुकानातून निघाला होता, अजून पोचायचा होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उस्मानभाई आणि मी, दोघंच. त्यांच्या हातात फोन, फोनवर चिपळूणहून तुझी रुकसाना रडत होती, "अब्बा, अम्माला घरी आणा, मला तिला बघायचंय." फोन ठेवून ते भिंतीला टेकले. मग मला म्हणाले, "वैनी, ती तुमच्याकडं कदी काय बोलली काय? हय ठेवू काय गावाला नेऊ?"

मी लगेच उत्तर दिलं. म्हटलं, "गारांच्या दिवशी म्हणाली होती. मेले तरी इथेच ठेवा म्हणाली."

"खलास," ते म्हणाले, आणि उठले.

एवढंच झालं. दुपारनंतरच्या असरच्या नमाजानंतर तुला इथल्या मातीत ठेवलं. रुकसानाला तुझं तोंड दिसलं नाही. माझ्या एका वाक्यावर हे झालं, आणि ते वाक्य अर्धं होतं हे मला संध्याकाळी, तुझ्या पाखरांच्या ताटल्या विसळताना आठवलं. कारण त्या दिवशी तू "मेले तरी हयच ठेवा मना" एवढंच म्हणाली नव्हतीस. त्याच्यापुढे तू "पन" म्हणाली होतीस.

मला कुणी काही विचारलं की मी गप्प बसूच शकत नाही. तू मला चिडवायचीस, "मंजू, तुला कुनी रस्त्यात इचारला की मक्केला खयनं जायाचा, तर तू हात करून दाखवशील." खरंच दाखवीन. पण उस्मानभाईंनी त्या दिवशी रस्ता नव्हता विचारला गं.

कतारला, मुऐदरच्या या व्हिलात आम्ही आलो तेव्हा रेवा कडेवर होती. एका घराची प्लायवूडच्या भिंती घालून चार घरं केलेली, आणि मागचं अंगण तुमच्या-आमच्यात एक. कपडे वाळत घालायची दोरीही एक. पहिल्या आठवड्यात मी दोरीवर तुझे कपडे बाजूला सरकवून माझे घातले, तर तू दारात उभी राहून म्हणालीस, "सरकव, सरकव. नंतर मनाही सरकवशील." मी घाबरून "सॉरी हं भाभी, तुमचं काही..." करायला लागले. तेव्हा हसत सुटलीस. "तुमी तुमी करून माझा वय कशाला वाढवतंस गो?" अशी सुरुवात झाली. नाशिकची मी, रत्नागिरीची तू. इथं बाहेर सगळीकडे हिंदी नाहीतर इंग्रजी. घरात नवरा बारा गावचं पाणी प्यालेला, मुलगी इंग्रजीत उत्तरं देणारी. मराठीत कडाकडा भांडायला मला तूच होतीस.

ईदला सांदणं करायचीस तेव्हा माझी ताटली आधी भरून ठेवायचीस, वेगळ्या चमच्याने, मटणाचा हात न लागलेल्या वेगळ्या पातेल्यातून. मी म्हणायचे, आपा एवढं सोवळं माझी आजीसुद्धा पाळायची नाही. तू म्हणायचीस, "तू खातंस त्यात मना समाधान हाय. तुझ्या पोटात शंका कशाला?" इतक्या वर्षांत मला तुझ्या घरात कधीच विचारावं लागलं नाही, यात काय आहे म्हणून.

पाखरांचंही तेच. छपरावरची जुनी डिश अँटेना उतरवली तेव्हा भंगारवाल्याला द्यायला निघालेले उस्मानभाई, आणि तू ती ओढून आणलीस. कूलरच्या जुन्या स्टँडवर आडवी टाकलीस आणि त्यात बाजरी ओतलीस. झालं तुझ्या पाखरांचं हॉटेल. होल्यांना बाजरी, बुलबुलांना बी काढलेला खजूर, चिमण्यांना पाण्यात भिजवून कुस्करलेली खुबूसची रोटी. साळुंक्या मात्र सगळ्यांच्याच ताटात तोंड घालायच्या, त्यांना तू "इन्स्पेक्टर" म्हणायचीस. उस्मानभाई गाडीवरची शिट धूत तणतणायचे, "या बाईला मानसा पुरेनात." त्यांनी त्या पाखरांकडे कधी मान वर करून बघितलेलं मी पाहिलं नाही.

आणि माझं-तुझं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, आपा, यांना कशाला सवय लावतेस? आपण इथं व्हिसावर. उस्मानभाईंची नोकरी उन्हाळ्यात संपणार, तुम्ही गावाला जाणार. मग ही रोज सकाळी येऊन बसतील, त्यांना कोण सांगणार? तू शेंगदाणे निवडत म्हणायचीस, "तुला पन सवय लागलीय माझी. तुझा काय करू?" हे काही उत्तर नव्हे, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "मग तू दे उत्तर, तुझ्याकडं लय असतात."

गावी जायचं म्हटलं की तुझं काय व्हायचं ते मला कधी समजलं नाही. उस्मानभाई नव्या घराच्या टाइल्सचे फोटो दाखवायला लागले की तू पुढे होऊन "ह्यो बघ माझा ओटा, ह्या खिडकीतनं समुद्र" असं सांगायचीस. मागच्या दारात आलीस की म्हणायचीस, "समुद्र काय बोलतो काय माझ्याशी?" एक दिवस फणसाची आठवण काढून डोळे पुसायचीस. दुसऱ्या दिवशी, "त्या गावात आता लाइटबिल भरायला पन मानूस नाय." मी विचारायचे, नक्की काय ते एक सांग. तू म्हणायचीस, "एक कसा सांगू? मी काय एक हाय काय?"

आता त्या दिवसाबद्दल.

दुपार होती, आणि आकाश असं काळं झालं की रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. वारा सुटला, दोरीवरची माझी चादर भिंतीपलीकडे गेली. मग पत्र्यावर टाण् टाण् आवाज यायला लागले. मला वाटलं, कुणी दगड मारतंय. दार उघडलं तर अंगण पांढरं होत चाललं होतं. कतारात! जिथं पावसाचे चार थेंब पडले तर लोक गाड्या थांबवून व्हिडिओ काढतात, तिथं हरभऱ्याएवढ्या गारा. आणि तू अंगणाच्या मधोमध, डोक्यावर स्टीलची परात उलटी धरून, दुसऱ्या हाताने ती डिश ओढत होतीस. परातीवर गारा ताशासारख्या वाजत होत्या. मी ओरडले, आपा आत ये, डोकं फुटेल! तू ओरडलीस, "आगो हात लाव आदी, मग बोल!"

दोघींनी ती डिश वॉशिंग मशीनच्या शेडमध्ये ओढली. तोवर पाखरं तिथं आधीच आलेली. चिमण्या मशीनच्या मागे, होले पाइपवर एकमेकांना चिकटून, आणि दोन बुलबुल चक्क तुझ्या कपड्यांच्या टोपलीत. एरवी एकमेकांना चोची मारणारी ती सगळी जनता गुपचूप बसली होती. तू तुझ्या किचनचं दार सताड उघडलंस. मी म्हटलं, घाण करतील. "करूदेत, पाहुनी हायत." तीन-चार चिमण्या खरोखरच आत उडाल्या, एक तुझ्या फ्रिजवर बसली. आपण दोघी पायरीवर, ओल्याचिंब, दात वाजतायत, आणि हसू आवरत नाही.

तू पायरीजवळची एक गार उचलून तोंडात टाकलीस. मला एकदम भरून आलं, का ते माहीत नाही. मी म्हटलं, "आपा, तू गेलीस की मी इथं कुणाशी भांडू गं?" थट्टेत म्हणायला गेले, पण आवाज चिरकला. तू माझ्याकडे बघितलंस. गालात गार, त्यामुळे शब्द बोबडे. "जातंय कोन? माझा घर आता हयच. मेले तरी हयच ठेवा मना. पन..."

आणि तेवढ्यात रेवा फोन घेऊन धावत आली, "आई! आई! इट्स स्नोइंग! लुक, स्नो!"

मी म्हटलं, स्नो नाही गं, गारा आहेत या. तू म्हणालीस, "बरफच हाय. पोरीला बराबर कळता." मी म्हटलं, आपा, बर्फ कापसासारखा पडतो, अशी डोकी फोडत नाही. नाशिकची आहे मी, गारा मला शिकवू नकोस. "तू बरफ बघितलास काय कदी?" नाही बघितला. "मग?" झाली आपली जुंपली. रेवाला तेवढं अर्ध्या मराठीत "मावशी विन्स" म्हणता आलं. गारा थांबल्या, ऊन पडलं, साबुदाणा सांडावा तसं पांढरं झालेलं अंगण बघता बघता नुसतं ओलं झालं. पाखरं मात्र शेडमधून हलेनात. तू फ्रिजवरच्या चिमणीला टॉवेलने हुसकत म्हणालीस, "यल्ला, घराकडं चला आता." मी घरी जाऊन कपडे बदलले. तुझं "पन" तिथं पायरीवर राहिलं, आणि मला ते हवंसं वाटायला तुला जावं लागलं.

पण, गावच्या घराच्या चाव्या रुकसानाला द्या? पण, आधी तिला बोलावून घ्या? पण, मी काय खरं बोलतेय काय? तू तर दिवसाला दहा वेळा मरायचीस. भाजी महागली की मेले, जिना चढला की मेले, मी जोक सांगितला की मेले. त्यातलं कुठलं मरण खरं धरायचं होतं मी?

मी तुझ्या कबरीवर आलेले नाही. मला तिथं ने, असं म्हणायची माझी छाती होत नाही. मिलिंद उस्मानभाईंबरोबर जाऊन आला. त्याच्या बुटांना फिकट पिवळी माती लागली होती. एरवी मी दारातच ओरडले असते. या वेळी ते बूट आत घेतले आणि कपाटाशेजारी तसेच ठेवले आहेत. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, असू दे.

तुझ्या दहाव्याला मी एक वेडेपणा केला. तुमच्यात दहावं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तुला विचारायचं कसं? आमच्यात विचारायची ही एकच रीत मला माहीत. बाबांच्या वेळी गोदावरीच्या घाटावर भाताचा पिंड ठेवला होता, आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेला, पण खाली येईना. म्हणजे गेलेल्या माणसाचं काही राहिलं आहे. सगळे एकेक कबूल करत होते, हे करू, ते करू. शेवटी काका हात जोडून म्हणाला, "वहिनीला आम्ही अंतर देणार नाही," आणि कावळा आला. योगायोग असेल. पण आई त्या क्षणी ज्या तऱ्हेने रडली ते मी विसरलेले नाही.

तर मी सकाळी भात केला. हाताने घट्ट गोळा वळला, वर दही, चार तीळ. तुझ्या डिशमध्ये मधोमध ठेवला आणि तुझ्या पायरीवर जाऊन उभी राहिले. मग आठवलं की इथं कावळाच नाही. निदान या मुऐदरात मी कधी पाहिलेला नाही. ज्याच्यावाचून चालत नाही तेच पाखरू तुझ्या हॉटेलात कधी जेवायला आलं नव्हतं. म्हटलं, ठीक आहे, कुणीही शिवा. चिमणी शिवली तरी मी मानीन. इन्स्पेक्टर शिवला तरी मानीन.

कुणी शिवेना, आपा. सगळी येऊन भिंतीवर ओळीने बसली. माना वाकड्या करून गोळ्याकडे बघत होती, पण एकही उतरेना. मी हात जोडले. म्हटलं, दाणापाणी मी चालू ठेवीन. नाहीत उतरली. म्हटलं, रुकसानाला फोन करीन, तिला सगळं सांगेन, ती बोलली नाही तरी करीन. नाहीत. शेवटी म्हटलं, बरं बाई, बर्फच होता तो, तुझंच खरं, झालं समाधान? एक होला उडाला, तो पलीकडच्या व्हिलावर जाऊन बसला.

मागून दार वाजलं. उस्मानभाई. दाढी वाढलेली, पायात तुझ्या चपला. त्यांनी डिशकडे बघितलं, माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते म्हणाले, "कावळ्याची वाट बघताव?" हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आमच्या गावात शेजारी सगळे हिंदूच. मना म्हायती हाय."

मग माझ्या तोंडून निघून गेलंच. त्या "पन"चं सगळं सांगितलं. म्हटलं, उस्मानभाई, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं हो. ते पायरीवर बसले.

"माज्याकडं बोललेली," ते म्हणाले. "गावाला. आईच्या बाजूला जागा हाय, तिथं."

"मग मला का विचारलंत? तुम्हाला माहीत होतं, तर मला कशाला विचारलंत?"

"मना गावाला जायाचा होता, वैनी. पयल्यापासून. तिला ठावं होता." ते हळूहळू बोलत होते. "मना वाटला, माज्याकडं ती माज्या मनातला बोलत असंल. तुमच्याकडं तिच्या मनातला बोलली असंल."

आपा, त्या वेळी मला आठवलं, तू ते कधी म्हणालीस. मी चिरक्या आवाजात "तू गेलीस की मी कुणाशी भांडू" म्हटल्यावर म्हणालीस. त्याच्या आधी नाही. होल्यांना बाजरी, बुलबुलाला खजूर, मला वेगळ्या पातेल्यातली सांदणं. ज्याला जे रुचेल ते. हे मी उस्मानभाईंना सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. त्यांच्याकडे आता विसंबायला माझं एक अर्धं वाक्यच तेवढं उरलं आहे, ते काढून घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

ते उठले, डिशपाशी गेले. "आख्खा गोळा कोन खानार?" स्वतःशीच बोलल्यासारखं. "ती फोडून घालायची." आणि त्यांनी तो भाताचा गोळा दोन्ही हातांनी फोडला. बोटांनी शितं सुटी केली, दही कडेला निपटलं, थोडा भात काठावर, थोडा मधे, थोडा खाली जमिनीवर साळुंक्यांसाठी. अगदी तू करायचीस तसंच. या माणसाने तुझ्याकडे कधी मान वर करून बघितलं नाही असं मी समजत होते. ते दोन पावलं मागे सरतात न सरतात तोच भिंत रिकामी झाली. सगळी एकदम उतरली, नेहमीसारखी भांडत, एकमेकांच्या डोक्यावर पाय देत.

आता हे शिवणं म्हणायचं की नाही? तू तृप्त आहेस, की नुसता भात मोकळा झाला म्हणून ती आली? मी कितीदा विचार केला, मला उलगडत नाही.

"उन्हाळ्यात व्हिसा संपतोय," उस्मानभाई पाखरांकडे बघत म्हणाले. "पोरगा बोलतो त्याच्याकडं दुकानात नावाला काम दावून ऱ्हावता येईल. अल रुवैसला. रुकसाना बोलते, घरी या. ही तर हय." मग माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी सांगा. मी जाऊ काय नको?"

आणि आपा, तुला खोटं वाटेल, मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्यांनी हाताला चिकटलेली शितं झटकली. मग मान हलवली, "मनाही नाय," म्हणाले आणि तुझ्या चपला फरपटत आत गेले. मी भात संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. रुकसानाला त्याच दिवशी फोन केला. ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशीचं सगळं सांग, गारा पडल्या तिथपासून." मी परातीपासून सांगितलं. ती मधेच हसली, मग रडली. "पन"पर्यंत आले आणि थांबले. ती म्हणाली, "पन काय?"

मला तिला उत्तर द्यायचं आहे. तुझ्या पायरीवर मी रोज सकाळी खुबूस भिजवून घेऊन बसते. बाजरी वेगळी, खजूर वेगळा, अजून चुकतं माझं. रेवा शाळेत असते, अंगणात कुणी धावत येत नाही, आभाळ कोरडं आहे. तू सांग आपा, सावकाश सांग. या वेळी मी मधे बोलणार नाही.